बांधावरचा गुरुजींचा वाटा

आदरणीय सदाशिव गुरुजी पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांच्याविषयी चार शब्द लिहायला मला सांगितलं, पण चारात भागणार नाही हे सांगणाऱ्यांनाही ठाऊक असावं.

एकोणीसशे तीसच्या आसपास ते उरणच्या खाडीकाठच्या आमच्या आगरी गावात आले. मी तेव्हा दुसरीत होते. गुरुजी मूळचे घाटावरचे, मिसरूड नुकतंच फुटलेलं. खाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पहिल्याच रविवारी त्यांनी हौसेनं खाडीच्या पाण्यात धोतर धुतलं. वाळल्यावर ते पापडासारखं कडक झालं, आणि सोमवारी गुरुजी दिवसभर अंग खाजवत भूगोल शिकवत होते. सगळा गाव हसला. गुरुजीही हसले. आम्हाला ते आवडायला लागले ते तेव्हापासून.

मुलींच्या शिक्षणावर आज भाषणं होतात. गुरुजींनी भाषण केलं नाही. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून मला घरी बसवलं, तेव्हा ते संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "भावालाही घेऊन येऊ दे." दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाशाला झोळी टांगलेली होती. दोरी ओढत मी पाढे पाठ केले. मी पुढे शिक्षिका झाले, ती त्या झोळीमुळे.

पण गुरुजी खऱ्या अर्थानं आमचे झाले ते भाद्रपदातल्या एका अमावास्येला. भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती. त्या दिवशी शाळेची तपासणी होती. गुरुजींची नोकरी कच्ची होती, आणि ती पक्की व्हायची की जायची ते तपासणीवर ठरणार होतं. गावी आई त्यांच्याच पगारावर होती. आम्ही सगळी डोक्याला तेल चोपडून बसलो होतो.

इतक्यात माझे वडील धावत दारात आले. "गुरुजी, बांधाला खांड परली! मोठी पोरां सोरा. शेतान खारा पानी घुसतंय!"

समुद्राचं पाणी अडवणारा बांध फुटला की आमच्याकडे घरटी एक माणूस चिखल घेऊन धावतो, अशी रीत आहे. पुढच्या भरतीच्या आत भगदाड बुजलं नाही, तर हातचं पीक जातंच, पण पुढं कित्येक वर्षं जमीन खारट राहते.

"आज साहेब यायचे आहेत. आज नाही सोडता येणार," गुरुजी म्हणाले. वडील तसेच बांधाकडे धावले. गुरुजींनी खडू उचलला, पण वर्गात एकाचीही नजर फळ्याकडे नव्हती. सगळी बांधाच्या दिशेनं बघत होती. गुरुजींनी ते पाहिलं. मग त्यांनी खडू ठेवला, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "चला. सगळेच चला."

आम्ही रांग धरली. चिखलाची ढेकळं हातोहात पुढं जात होती, आणि रांगेच्या टोकाला कमरेइतक्या पाण्यात गुरुजी उभे होते. तपासणीचे डेप्युटीसाहेब रिकाम्या शाळेवरून थेट तिथंच आले. रागानं लाल झाले होते.

"मास्तर, तुमची नोकरी कच्ची आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे साहेब. पण ही खांड बुजेपर्यंत मला वर येता येणार नाही."

माझी आई तोंडाला तोंड देणारी. पेंढ्याचा भारा डोक्यावर तसाच ठेवून ती साहेबांना म्हणाली, "साहेब, गुरुजींना नेलाव तं आमचे पोरांची नावां पन काटा. शाला कोनासाठी ठेवताव मंग?"

साहेब बांधावरच थांबले. भरती लागायच्या आत खांड बुजली. मग त्यांनी तिथंच, चिखलानं माखलेल्या आमची परीक्षा घेतली. आम्ही पास झालो. गुरुजींची मात्र चांगलीच कानउघाडणी झाली. नोकरी वाचली, पण पक्की व्हायला आणखी वर्ष गेलं. त्याबद्दल गुरुजींनी कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र अजून त्या साहेबांचा राग येतो.

त्या दिवाळीत गावानं बांधाचे वाटे नव्यानं ठरवले. प्रत्येक घराला आपला तुकडा दरवर्षी चिखल घालून नीट राखावा लागतो. वडील म्हणाले, "गुरुजींचा पन एक वाटा हाय." न शेत, न घर, आणि बांधाचा वाटा! हा मान म्हणजे नुसते कष्टच. गुरुजींचे डोळे भरून आले. बदल्या झाल्या, तरी दरवर्षी ते त्या कामाला येत राहिले, आणि निवृत्त झाल्यावर इथंच स्थायिक झाले.

यंदा वैशाखात आम्ही ठरवलं, गुरुजींचं वय झालं, त्यांचा वाटा आपण भरून टाकू. पहिलं ढेकूळ पडतं न पडतं तोच काठी टेकत गुरुजी हजर. "माझ्या वाट्याला हात कुणी लावला? मी आहे अजून!"

गुरुजी, आम्हाला अशीच वर्षानुवर्षं तुमची बोलणी खायला मिळोत. तुम्ही आहात अजून, आणि आम्हाला तुम्ही खूप वर्षं हवे आहात.