सुखदेवभाऊंचा गोटा

हे बायकोलाही माहीत नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळच्या चहाबरोबर सगळं बाहेर पडतं. हे मात्र नऊ वर्षं राहिलं.

उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून खनिज कुठे असेल ते हुडकणं, हे माझं काम. शहरातल्या सदर भागातल्या ऑफिसात, एसीत बसून. चित्रात लाल ठिपका उमटला की बोट ठेवायचं – इथे मँगनीज असेल. मग कोणीतरी उन्हात जाऊन दगड आणायचे. आमच्याकडे हे ‘कोणीतरी’ म्हणजे सुखदेवभाऊ. रोजंदारीवरचे. चौथी शिकलेले, पण बाप मँगनीजच्या खाणीत राबलेला – दगड नुसता हातात तोलून ओळखायचे.

एकदा रामटेकच्या बाजूला, माझ्या नकाशावर ठिपका नव्हता अशा जागेवरून त्यांनी एक गोटा उचलून आणला.

“साहेब, हा हाताले लय जड लागून राहिला. पाहा बरं.”

मी घासून पाहिला. बोटं काळी झाली. काय ते मला तेव्हाच कळलं. आणि – कसं सांगू? – आनंद नाही झाला, राग आला. माझी पदवी, माझं सॉफ्टवेअर, आणि सापडलं कोणाला? साधा दगड आहे म्हणालो आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

मग आठवडाभर कॉम्प्युटरवर रंगांची मर्यादा खाली-वर करत बसलो – ती जागा लाल होईपर्यंत. उत्तर पाहून गणित सोडवलं, दुसरं काय! रिपोर्टात लिहिलं, उपग्रहाच्या चित्रात आधी दिसलं. ड्रिलिंग झालं, मँगनीज लागलं, मला शाल-श्रीफळ मिळालं. सुखदेवभाऊ मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रमानंतर जिन्यात त्यांनी गाठलं. “जागा तर तेच हाये ना साहेब? मंग माह्या गोट्यात काहीच काहून नव्हतं?”

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. जिन्यात तिसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला – हो, हातही ठेवला – आणि म्हणालो, माल खोल होता भाऊ, तो उपग्रहालाच दिसतो. उपग्रहाला जमिनीच्या आतलं दिसतच नाही, वरचा पापुद्रा तेवढा दिसतो. हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

त्यानंतर ते सांगितलेल्या जागेवरचेच दगड आणायचे. वाटेत थांबून वाकणं, उचलणं, तोलणं बंद. आपल्याले काय समजते, मशीनले समजते, असं हसत म्हणायचे. मला ते हसू सहन व्हायचं नाही, मी स्क्रीनकडे वळायचो. दोन वर्षांनी त्यांनी काम सोडलं.

गोटा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मागच्या महिन्यात हिंगण्याला एका कारखान्यात गेलो, तर गेटवर चौकीदार म्हणून सुखदेवभाऊ. मला पाहून लगबगीने उठले, गमछ्याने खुर्ची पुसली, माझ्यापुढे सरकवली. तिथे एकच खुर्ची होती.

मी बसलो.