उघडी ठेवलेली कड

अर्धवट टाकलेलं काम मला बघवत नाही. कणकेचा एवढासा गोळा उरला तरी मी त्याची चानकी लाटते. त्यामुळे इथे आखातात, जनाबियाच्या आमच्या कंपाउंडमधल्या शेजारणीचं काम पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी नाकच मुरडलं होतं.

ती कझाक कलाकार. भिंतभर मखमलीवर नमद्याची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची, मेंढ्याची शिंगं शिवायची. तिच्या आजीच्या तंबूतल्या पडद्यावर हीच शिंगं होती, भरभराटीची खूण म्हणून. फक्त त्या वळणांत हिने आपल्या मुलीच्या मनगटावरचे हॉस्पिटलचे प्लास्टिकचे पट्टे टाचले होते. मुलगी शाळकरी, रक्ताचा आजार. कापडाच्या तिन्ही बाजूंना देखणी किनार, आणि खालची कड उघडी, धागे लोंबलेले.

"ही कधी पुरी करणार?" मी विचारलं.

"कधीच नाही," ती तुटक इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे आई लेकीसाठी शिवते तेव्हा खालची कड सोडून देते. कड संपली की लेकीचं आयुष्य संपलं."

कडेने का कोणी वाचतं, असं माझ्या मनात आलं. माझ्या लेकीला तीट लावताना मात्र मला असले प्रश्न पडले नव्हते.

मनामा शहरात तिचं प्रदर्शन ठरलं. टांगण्यासाठी मागे पट्टी शिवून हवी होती, म्हणून आम्ही दोघी तिथल्याच नईम भागातल्या आमच्या कोकणातल्या शिंप्याकडे ते कापड देऊन आलो. परत आणायला गेलो, तर त्याने खालची कडही सुबक दुमडून शिवलेली.

"ताई, कड सुटली होती," तो कौतुकाने म्हणाला. "चारचौघांत लावायचं म्हणालात ना? म्हटलं आपल्या ताईंचं काम, मारून टाकली शिलाई."

तिने तिथेच स्टुलावर बसून एकेक टाका उसवला. तो बिचारा ओशाळून मला विचारत राहिला, "माझं चुकलं काय?" मखमलीवर सुईच्या भोकांची रांग तेवढी राहिली.

प्रदर्शनात लोक शिंगांपुढे उभे राहून फोटो काढत होते. किती सुंदर, किती पारंपरिक! पट्टे कोणाला दिसलेच नाहीत. एकेकाला धरून हलवावंसं वाटत होतं मला.

उन्हाळा सरायच्या आत मुलगी गेली. यात शिंप्याचा काही दोष नाही, हे मला कळतं, तिलाही कळत होतं. दोष देवाचा आहे, आणि त्याला मी माफ केलेलं नाही.

काही दिवसांनी ती ते कापड घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "लाल दोरा आहे?"

"राहू दे ना तशीच," मी म्हणाले.

"कोणासाठी?"

मी शिवणाचा डबा आणला. तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं, तेव्हा मीच दोरा ओवून दिला. ती फरशीवर बसली आणि शिंप्याच्या त्याच भोकांतून एकेक टाका घालत गेली. शेवटची गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला. कड अगदी सरळ, नीटनेटकी झाली होती. मला ती बघवली नाही.