सव्वीस झऱ्यांचं गाव

किनवटकडचा रामेश्वर दोहात येऊन अकरा वर्षं झाली होती. ड्रायव्हरकी चांगली, बोलणं कमी. गेल्या हिवाळ्यात त्याला एका म्हाताऱ्या जर्मन बाईंची ड्युटी लागली. हॅनेलोर मॅडम, वय एक्क्याऐंशी. नवरा गेल्यावर इंजिनियर लेकानं त्यांना शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मद नावाच्या वस्तीतल्या आपल्या बंगल्यात आणून ठेवलं होतं. गुडघ्यांसाठी आठवड्यातून तीनदा शहराच्या मध्यावरच्या मुशैरिब भागातल्या एका हॉटेलातल्या गरम तलावावर न्यायचं नि परत आणायचं, एवढंच काम.

पहिल्याच दिवशी ओल्या केसांनी गाडीत बसताना त्यांनी नाक मुरडलं. “हे कसलं पाणी! समुद्रातलं मीठ काढलं, विजेवर तापवलं. आमच्या विस्बाडेनला जमिनीतून कढत पाणी येतं.”

रामेश्वरच्या तोंडून निघून गेलं, “आमच्याकडं पण येतं, मॅडम. उनकेश्वरला. माझ्या गावापासून दोन कोसांवर.”

त्याच्या गावाबद्दल दोहात आजवर कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. मॅडमनी त्या फेरीत दहा विचारले. पाणी किती गरम, वास कसा, अंघोळीला कोण येतं?

मग दर फेरीला त्या आपल्या शहराची कथा सांगू लागल्या. इंग्रजी दोघांचंही मोडकं, म्हणून सावकाश. सव्वीस झरे. सगळ्यात नावाजलेला तो कोखब्रुनन, म्हणजे उकळता झरा. खारट, हात घालवणार नाही इतका गरम. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन शिपाई त्या पाण्यात दुखरं अंग शेकत. तिथला तांबडा गाळ गोळ्या करून रोमला जाई, बायका त्यानं केस रंगवत. पुढं दर मे महिन्यात कैसर, म्हणजे जर्मन बादशहा, मुक्कामाला येई. मग लढाई, बॉम्ब, अमेरिकन फौज.

“माझे आजोबा झऱ्यावर पेले भरून द्यायचे,” त्या सांगत. “बँड वाजायचा नि मोठमोठे लोक घोट घेऊन अशी तोंडं करायचे!” आणि त्या स्वतः तोंड वाकडं करून दाखवत.

बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतल्या खोलीत हे सांगावं कुणाला? बाकीचे तिघं कानात हेडफोन घालून पडलेले. फोनवर बायकोला, राणीला, सांगू लागला तर ती म्हणाली, “थांबा, दूध उतू चाललंय.”

उन्हाळा लागला नि कथेला भोकं पडू लागली. आधी तांबडा गाळ गेला. मग एकदा, “रोमन गेल्यावर... रोमन गेल्यावर...” म्हणत मॅडम नुसत्या बोटं चोळत राहिल्या.

“मग कैसर आला, मॅडम. मे महिन्यात.”

“हो, कैसर!” त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

तेव्हापासून अडलं की तो सांगे. लेकासमोर, म्हणजे साहेबांसमोर, त्या चाचरल्या तरी हळूच शब्द पुरवी. साहेबांना कळवायला हवं, हे त्याला समजत होतं. पण कळवलं तर या फेऱ्या खलास, हेही समजत होतं. दोन महिने तो गप्प राहिला.

जुलैत एका दुपारी मॅडम हॉटेलातून एकट्याच बाहेर पडल्या. रामेश्वरला त्या ट्रामच्या रुळांपाशी सापडल्या: अनवाणी, ओल्या झग्यात, उन्हानं लालबुंद.

“आजोबा पेले धुऊन थांबलेत,” त्या म्हणाल्या. “झरा कुठल्या बाजूला?”

त्यानं आपल्या चपला त्यांच्या पायांत सरकवल्या. संध्याकाळी साहेबांपुढं उभं राहून सगळं सांगितलं. आपण लपवलं, तेसुद्धा. साहेब रागावले नाहीत. बराच वेळ ते डोळे चोळत बसले.

महिन्याभरात विस्बाडेनच्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. विमानतळावर व्हीलचेअरमधून मॅडमनी रामेश्वरचा हात धरला.

“तुम्ही आमच्याच शहरातले ना? कुठल्या गल्लीतले?”

“कोखब्रुननच्या जवळचा, मॅडम.”

“वाटलंच मला!” त्या समाधानानं म्हणाल्या.

“तू सांगितलंस ते बरं केलंस,” त्यांच्यासोबत आत जाता जाता साहेब म्हणाले. रामेश्वर नुसता “हो सर” म्हणाला.

पासपोर्ट तपासणीच्या काचेपलीकडं खुर्ची ढकलणाऱ्या मुलीला मॅडम हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. मध्येच हात थांबले. मुलगी वाकून बघू लागली. कुठं अडल्या असतील, ते रामेश्वरला इतक्या लांबून ऐकू येईना.