पंप घरी ठेवला आणि चामोर्शीचा रस्ता धरला

चार वर्षं माझ्या कमरेला इन्सुलिनचा पंप आहे आणि पोटात त्याची नळी. बाराव्या वर्षापासून मधुमेह सोबतीला, त्यामुळे पंपाची किंमत मला कळते. तक्रार दोनच. चिकटपट्टीनं पोटाची कातडी सोलून निघाली होती, आणि पंपासोबतच्या सेन्सरवरून माझ्या साखरेचा प्रत्येक आकडा माझ्याआधी नीलेशच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मोबाइलवर पोचायचा. बहिणीकडे एक गुलाबजाम जास्त खाल्ला की त्याचा ऑफिसातून फोन: "काय खाल्लंस?"

डॉक्टरबाईंनी कातडी पाहिली आणि म्हणाल्या, पंधरा दिवस सगळं काढून टाका, इंजेक्शनवर या. डोस लिहून दिले: सकाळी एक लांब पल्ल्याचं, आणि प्रत्येक जेवणाआधी एक झटपट काम करणारं. (वाचकांपैकी कुणी पंपवाले असाल, तर हे स्वतःच्या मनानं करू नका. मी लिहून घेतलं होतं.) त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं की नवा तांदूळ खायला वनिताकडे चालले आहे, चामोर्शीपलीकडे, स्कूटरवर, एकटी. वनिता माझी कॉलेजातली मैत्रीण. पाच वर्षं बोलावते आहे.

नीलेश तासभर बोलला. शेवटी अट ठरली. चार दिवस नीट गेले तर माझे आकडे त्याच्या मोबाइलवर पुन्हा कधी जाणार नाहीत. काही झालं तर पंप पुन्हा त्याच्या मोबाइलला जोडायचा आणि एकटीचा प्रवास बंद. मी मान्य केलं. मला राग आला होता, आणि रागात मी फार लवकर मान्य करते.

नोव्हेंबरात पहाटे नागपूर सोडलं. वरोऱ्यापर्यंत रस्ता झकास, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. इन्सुलिनची पेनं स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, तिथं ती तापतात. मी ओल्या फडक्याच्या पिशवीत घालून पाठीवरच्या बॅगेत ठेवली होती, दोन वेगवेगळ्या कप्प्यांत. वरोऱ्याला तर्री पोहे मागवले, चाळीस रुपये, तर्री वरून हवी तेवढी. पोह्यांकडे पाहून अंदाज केला, कुर्ता जरासा उचलला आणि सुई टोचली.

हॉटेलवाले भाऊ जवळ आले. "बाई, हे आत जाऊन घ्या ना. गिऱ्हाईक पाहून राह्यले."

"पाहू द्या. ते कोपऱ्यातले काका तंबाखूचा खर्रा घोटताहेत, त्यांना आत पाठवता का?"

भाऊ हसले नाहीत, पण तर्री आणखी एक पळी वाढून गेले. शाळेत असताना मी स्वच्छतागृहात उभी राहून सुई घ्यायचे. आता छत्तीस वर्षांची झाले, बसूनच घेणार.

पुढे चंद्रपूरपर्यंत कोळशाचे ट्रक आणि धूळ. तोंडाला ओढणी बांधाच. बसस्टँडजवळ नऊशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी मूलकडे निघाले आणि जंगल सुरू झालं. या रस्त्यावर उजाडल्याशिवाय जाऊ नका आणि मध्ये कुठं उतरू नका. मी उतरले नाही, पण वेग कमी करून गाणं म्हटलं. कमरेला काही लटकत नव्हतं, काही वाजत नव्हतं. खरं सांगते, मला रडू आलं. बोट टोचून पाहिलं मूलला, चहाच्या टपरीवर. एकशे अठरा. हा आकडा जगात फक्त मला माहीत होता.

वैनगंगेचा पूल ओलांडला की धानाचा वास येतो. चामोर्शीहून आठ किलोमीटरवर वनिताचं सासर. जेवायला लाखोळीची डाळ, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घातलेलं वांगं, भात. सासूबाईंनी विचारलं, "एवढाच भात? मी काऊन रांधलं मग?" मी आणखी घेतला आणि आणखी दोन युनिट टोचले. इंजेक्शनवरही एवढं स्वातंत्र्य असतं.

तिसऱ्या दिवशी नवं खायचा कार्यक्रम होता. नव्या तांदळाचा भात, गूळ घातलेली खीर. दुपारी एकला पाट मांडले, पत्रावळी घातल्या. मी नागपुरातल्यासारखंच केलं: ताट मांडलं की सुई. टोचून पाटावर बसले.

कुणीच वाढेना.

वनिताला विचारलं तेव्हा कळलं. नव्याचा पहिला घास आधी देवाला, मग बैलांना, मग घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला. तोवर बाकी कुणाच्या तोंडात शीत पडायचं नाही. आणि मामाजी, म्हणजे तिचे सासरे, नैवेद्य घेऊन शिवेवरच्या देवाकडे गेले होते. पायी. दीड किलोमीटर.

वीस मिनिटांनी हाताला घाम सुटला. आकडा पाहिला, अठ्ठावन्न; सत्तरच्या खाली धोका. सवय अशी की गुपचूप खोलीत जायचं आणि साखर खाऊन पदरानं तोंड पुसत बाहेर यायचं. उठलेही होते. पण मला स्वतःचाच संताप आला. मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, बॅगेतली ग्लुकोजची पुडी फोडून तोंडात ओतली आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, माझी चूक झाली. सुई आधी घेतली. आता मला खावंच लागेल. नवं नको, घरातलं जुनं काहीही द्या."

त्या चुलीकडे वळल्या. "जुन्याले कोन नाई म्हनते, पोरी? सकाळचा भात हाय." त्यांनी शिळा भात आणि ताक समोर ठेवलं. "सांगाचं असतं ना मले. तुह्या सुईले आमचं का मालूम?"

पंधरा मिनिटांनी आकडा नव्वदच्या वर गेला. मामाजी आले तेव्हा मी दुसरी वाटी ताक पीत होते. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग मी सायकलनं जाऊ का पुढच्या वर्सी?"

हात धुताना वनिता हळूच म्हणाली, "नीलेशला नको सांगू. त्याला कुठं कळणार आहे?"

खरंच कळलं नसतं. माझ्या अंगावर सांगणारं यंत्र नव्हतं. जवळच्याच मार्कंड्याच्या देवळाच्या ओट्यावर बसून नदीकडे पाहत मी दुपारभर तोच हिशेब केला. लपवलं तर पैज जिंकते. पण मग स्वच्छतागृहातली सुई आणि मी, आम्ही आहोत तिथंच.

चौथ्या दिवशी घरी पोचले. पायातली चप्पल काढायच्या आधी सांगितलं, "काल साखर अठ्ठावन्न झाली होती."

नीलेशचा चेहरा उतरला. "म्हणजे काही झालं. आपलं ठरलं होतं."

"चुकीचं ठरलं होतं. काही होणारच नाही अशी अट मी आयुष्यात पाळू शकणार नाही. झालं ते मी निस्तरलं, आणि तुला मी सांगते आहे, मोबाइल नाही. ती अट मी मोडली. पंप पुढच्या आठवड्यात लावीन, कारण मला तो आवडतो. तुझ्या मोबाइलला जोडणार नाही."

तो दोन दिवस धड बोलला नाही. मीही नाही. कातडी बरीच भरून आली आहे. प्रवासात एकंदर चार हजार गेले, पेट्रोल धरून, आणि तांदळाचं पोतडं फुकट मिळालं.

काल रात्री त्याच तांदळाचा भात केला. मी बोट टोचून आकडा पाहिला, पेन काढलं, टोचलं, पेन टेबलावर ठेवलं. त्यानं मोबाइल उलटा ठेवला आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं, "किती आहे?"

"एकशे बेचाळीस," मी म्हणाले. "वाढ लवकर."