पाळीवरून उतरा

ईश्वरदास कापगते यांच्या घराच्या दाराला आतून कडी नाही. खाटेच्या वर माळा नाही, भिंतीवर एकही तसबीर नाही. घरातले देव सगळे जमिनीवर, पाटावर. आणि उशाशी एका पितळी तांब्यावर दुसरा तांब्या उपडा घालून ठेवलेला. जमीन हलली की वरचा तांब्या पडणार, आवाज होणार आणि घरचे बाहेर पळणार, असा बंदोबस्त. एकतीस वर्षांत तो तांब्या मांजरानं कितीदा पाडला त्याला गणती नाही, भूकंपानं मात्र एकदाही पाडला नव्हता. अर्जुनी मोरगावहून एस.टी.नं अर्ध्या तासावरचं त्यांचं गाव त्यांना भूकंपभाऊ म्हणतं, आणि मागे नव्हे, तोंडावर म्हणतं.

हे सगळं धुरपताबाईंनी सोसलं. बायकोला सोसावंच लागतं असं नाही, पण त्यांनी सोसलं, अधूनमधून तांब्या लाथाडून सोसलं. धाकट्या डिंपलला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या आत्यानं विचारलं, "देव खाली काऊन बसवले जी?" ईश्वरदासांनी तसबिरीच्या काचेनं माणूस कसा मरतो ते खुलासेवार सांगितलं. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. सोयरीक तरीही जमली, ती डिंपलच्या नशिबानं.

भीतीचं मूळ जुनं आहे. त्र्याण्णव साली, आपला भाग भंडारा जिल्ह्यातच होता तेव्हा, गावागावातून मूठमूठ तांदूळ जमा करून एक ट्रक किल्लारीला गेला. पंचविशीतले ईश्वरदास त्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून गेले. तांदूळ उतरवून परत यायचं ठरलं होतं, ते अकरा दिवस राहिले. गणपती बोळवून दमून झोपलेली गावं पहाटे चारच्या आधीच दगडमातीखाली गेली होती. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर मातीचं धाबं. थंडी-उन्हापासून वाचवणारी तीच घरं माणसांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं असं पुढे पेपरात आलं. ईश्वरदासांनी ज्यांना उचललं ते बाराजण होते, आणि त्यातली एक मुलगी त्यांच्या स्वतःच्या थोरल्या लेकीएवढी होती.

पण त्यांच्या मनात रुतून बसला तो एक म्हातारा. पडक्या भिंतीला टेकून तो जो भेटेल त्याला एकच सांगत होता. "आदल्या साली हादरे बसले, तवा आमी महिनाभर बाहेर निजलो. मग लोकं हसाया लागली. म्हनून आत गेलो." एवढंच. ईश्वरदास तिथून परतले ते एक निश्चय करून, की लोकांच्या हसण्याला आपण भ्यायचं नाही. बाकी सगळ्याला ते भीत राहिले.

सत्त्याण्णवला जबलपूर हललं, तेव्हा आठ दिवस त्यांनी अंगणात खाट टाकली. दोन हजार एकला झेंडावंदनाच्या सकाळी भूज पडलं, तर त्यांनी अख्ख्या गावाला चावडीपुढं उभं करून एक नियम सांगितला. जमीन हलली की कोणी घरात थांबायचं नाही, भिंतीकडे नाही, झाडाखाली नाही, शाळेकडे तर नाहीच, कारण शाळेच्या अंगणावर नळयोजनेची उंच टाकी उभी आहे. सरळ तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, जायचं. वर आभाळ, डोक्यावर पडायला काही नाही. दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की ते हे पुन्हा सांगत. पोरं त्यांच्याआधीच एका सुरात ओरडत, "पाळीवर!" आणि सगळे हसत.

या नियमात एक चूक होती आणि ती कोहळ्याच्याच हातून व्हावी अशी होती. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी जात, आणि हा तलावही कोहळ्यांनीच बांधलेला, ईश्वरदासांच्या पणजोबांच्याही आजोबांनी. पाळीची माती पायांनी तुडवून बसवलेली, तिला पोळ्याला नारळ, अक्षयतृतीयेला नारळ. घराच्या भिंतीवर, छतावर, टाकीवर, देवाच्या तसबिरीवर संशय घेणाऱ्या या माणसाला एकतीस वर्षांत पाळीचा संशय एकदाही आला नाही. आईचा कोण संशय घेतो?

चार डिसेंबर दोन हजार चोवीस, बुधवार. सकाळचे साडेसात वाजत होते. धुरपताबाई चुलीपुढं होत्या. नववा महिना लागलेली डिंपल माहेरी आली होती, ती खाटेवर वेणी सोडत बसली होती. आणि तांब्या पडला. ईश्वरदासांनी आधी मांजर शोधलं. मग खालचाही तांब्या किणकिणला, भांडी वाजली, जमिनीतून बैल धावत गेल्यासारखं काहीतरी पाच-सहा सेकंद सरकलं आणि थांबलं. पुढं बातम्यांत आलं, तेलंगणात मुळुगूकडे धरणीकंप झाला होता, त्याची ही लाट होती.

कोणी कोणाला सांगावं लागलं नाही. जे गाव एकतीस वर्षं हसलं, ते चपला न घालता पाळीवर धावलं. दीड-दोनशे माणसं, लेकरं, म्हाताऱ्या, एका मिनिटात मागच्या उतारानं वर चढली. ईश्वरदास डिंपलला धरून सगळ्यांच्या शेवटी पोचले. किराणा दुकानवाला मुन्नालाल, त्यांची सगळ्यात जास्त टिंगल करणारा, त्यांना पाहून हात जोडून म्हणाला, "मान गये भाऊ! तुमचा नियम आज कामी आला जी."

खोटं कशाला सांगा, ईश्वरदासांना बरं वाटलं. फार बरं वाटलं. डिंपल पाळीच्या मधोमध दगडावर धापा टाकत बसली. पोरं मोबाईलवर फोटो काढू लागली. यंदा पाऊस चांगला झाला होता, तलाव काठोकाठ भरलेला होता आणि पाण्यावर अजून बारीक कापरं होतं. ते कापरं पाहता पाहता ईश्वरदासांची मान आपोआप मागे वळली, पाळीच्या पायथ्याकडे.

पायथ्याशी वडाच्या मुळाजवळ एक झिरा आहे. तलावाचं थोडं पाणी तिथून बारमाही झिरपतं. नितळ आहे तोवर काळजी नाही. गढूळ झालं की पाळ आतून माती सोडू लागली, हे कोहळ्याच्या पोराला बाराखडीच्या आधी कळतं. ईश्वरदास खाली उतरले. झिऱ्याचं पाणी चहासारखं लाल होतं.

पाळीखाली साठ घरं होती, पण घरं आता रिकामी होती. माणसं सगळी वर होती, त्याच मातीवर, जिच्या पोटातून माती निघत होती. त्यांना तिथं कोणी पाठवलं? नोटीस नाही, सरकार नाही. ईश्वरदास कापगत्यांनी पाठवलं, दर सव्वीस जानेवारीला.

आता त्यांनी ओरडायला हवं होतं, आणि ते ओरडले नाहीत. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ते निदान दोन मिनिटं तसेच उभे राहिले. आज पहिल्यांदा गावानं मान दिला होता. आता वर जाऊन 'मी चुकलो' म्हणायचं? लोक काय म्हणतील? हसतील. हे हसण्याचं भय उठलं आणि त्याबरोबर तो भिंतीला टेकलेला म्हातारा उठला. लोकं हसाया लागली, म्हनून आत गेलो. ईश्वरदासांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते चार हातापायांवर उतार चढले.

"उतरा! पाळीवरून उतरा! मागच्या उतारानं नका जाऊ, पाळीपाळीनं टोकाकडं, खळवाडीत चाला!"

खळवाडी म्हणजे पलीकडच्या उंचवट्यावरची मळणीची जागा, लांब पडते.

"अजी, तुम्हीच तं म्हणत होते पाळीवर या म्हणून," कोणी बाई बोलली.

मुन्नालाल म्हणाला, "आता ऊपर, आता नीचे. कायले लोकायले पळवून राहिले भाऊ?"

"झिरा गढूळ झाला. मी चुकलो. तेवीस साल मी तुमाले चुकीचं सांगतलं. पाळही फुटते, याची मले याद नाही आली. पाया पडतो, उतरा."

कोणी हललं नाही. दोन पोरं फिदीफिदी हसली. तेव्हा धुरपताबाई उठल्या. त्यांनी डिंपलच्या दंडाला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या माणसानं माह्या जन्मात कधी 'चुकलो' म्हणलं नाही. आज म्हणून राहिला. म्हणजे भेव खरं आहे. चाल व माय." आणि त्या टोकाकडे चालू लागल्या.

मागे बायका निघाल्या, मग लेकरं, मग पुरुष. ईश्वरदास पाठीमागून एकेकाला ढकलत होते, मोजत होते, पुन्हा मोजत होते. घाईत पाळीखाली घरीच राहून गेलेल्या एका आजारी म्हातारीला चौघांनी खाटेसकट उचलून आणलं. डिंपल तीनदा थांबली. प्रत्येक वेळी ईश्वरदासांनी पाण्याकडे पाहिलं.

खळवाडीत धानाच्या पुंजण्यांना, कापून रचलेल्या ढिगांना टेकून गाव दोन तास बसून राहिलं. पाळ फुटली नाही. दहाच्या सुमारास मुन्नालाल हिंमत करून झिऱ्याकडे गेला आणि स्टीलच्या पेल्यात पाणी भरून आणलं. पाणी नितळ होतं, पेल्याचं बूड दिसत होतं. "भाऊ," तो म्हणाला, "चढाची वाट झिऱ्याच्या वरूनच जाते ना जी. दोनशे लोकं धावले तं माती पडणारच. आपल्याच पायाचा गाळ हो हा!"

हसण्याचा असा लोंढा त्या खळवाडीत कधी उठला नसेल. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. "भूकंपभाऊनं भूकंपातही फसवलं," असं कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा. ईश्वरदास पेल्याकडे बघत बसले. मुन्नालाल म्हणतो ते खरं असेल. नसेलही. पाळीच्या पोटात काय हललं आणि काय नाही, हे पेल्यात दिसत नाही.

"समदे हसून राहिले," धुरपताबाई हळूच म्हणाल्या.

"हसू दे. अठी, खळवाडीत बसून हसून राहिले ना."

डिंपल पोटावर हात ठेवून पुंजण्याला टेकली होती. तिनं विचारलं, "बाबा, मंग पुढच्या बारीले कुठं पळायचं?"

तेवीस वर्षं या प्रश्नाला त्यांच्याजवळ तयार उत्तर होतं. आता घर नाही, शाळा नाही, पाळ नाही. उरली ही खळवाडी. ते उठले, घरी गेले आणि घड्याळ पाहून दारातून निघून खळवाडीकडे चालत आले. मग परत दाराशी गेले आणि दुसऱ्यांदा निघाले. या खेपेला एक हात कमरेवर ठेवून, मागे रेलून, जड पावलं टाकत, डिंपल थांबली होती तिथंतिथं थांबत. सत्तावन्न वर्षांचा माणूस भर गावातून गरोदर बाईसारखा चालत होता. मुन्नालाल दुकान उघडत होता, त्यानं पाहिलं. तो हसला नाही.

खळवाडीत पोचून ईश्वरदासांनी घड्याळ पाहिलं. एकवीस मिनिटं लागली होती. सकाळी जमीन हलली होती ती पाच-सहा सेकंद.