वास नाही, असं मी लिहिलं

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला. त्यांच्या शिफ्टवर मी शिकलो, हे मी कधी विसरत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी नेमणुकीचं पत्र लॅमिनेट करून भिलाईतल्या रिसालीच्या घरात टीव्हीच्या वर लावलं.

पुढच्याच वर्षी एका जहाजातून समुद्रात तेल सांडलं. वाळू काळी पडली, खडकांवरची कालवं मेली, जाळी चिकट होऊन वर येऊ लागली. मासेमारी बंद झाली. महिन्याभराने पाणी स्वच्छ दिसू लागलं आणि मासे तपासायला आमच्याकडे आले. यंत्राची चाचणी ठीक निघाली. शेवटची चाचणी नाकाची असते. बिनमिठाचा मासा वाफवायचा, झाकण उघडायचं, तेलाचा वास येतो का ते हुंगायचं. त्याआधी 'मला सर्दी नाही' अशी सही करायची. आम्ही तिघं होतो. दोघांनी 'वास नाही' लिहिलं की नमुना पास.

एकीने 'आहे' लिहिलं, एकाने 'नाही'. मी झाकण उघडलं. बरं वाटलं, एवढंच आठवतं. मी 'नाही' लिहिलं.

बंदी उठली आणि बंदीपुरतं मिळणारं रेशनही थांबलं. मासे मात्र बाजारात कोणी हातात घेईना. नमुने देणारी कोळीण, जिला मी मावशी म्हणायचो, टोपली घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकाशी आली.

"वास नाय म्हणून कोणी लिवलं रे?"

"तपासूनच लिहिलंय, मावशी."

"नाकात बोळे घालून तपासलं काय? माझी मांजर तोंड लावत नाय त्याला. तू खाशील?"

मी आत निघून गेलो. आपलं बरोबर आहे, याची मला खात्री होती.

दिवाळीला घरी आलो. वडील फर्स्ट शिफ्ट करून आले, स्कूटर लावली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. शर्टाला मशीनच्या तेलाचा वास होता. लहानपणी हा वास दारात आला की आज बाबा धडधाकट घरी आले, हे कळायचं. मला बरं वाटलं. झाकण उघडल्यावर वाटलं होतं, अगदी तसंच.

म्हणजे माशाला वास होता. मी पायरीवरच बसलो.

मग चार दिवस घरात कुठे बसावं कळेना. जिथे बसावं तिथून ते लॅमिनेट केलेलं पत्र दिसायचं. वडील आल्यागेल्याला सांगायचे, "आमचा पोरगा समुद्र तपासून राहिला." मी चहाचा कप तोंडाला लावून ठेवायचो.

पाचव्या दिवशी ऑफिसला चूक कळवायला लॅपटॉप उघडला.

"सुट्टीतबी काय लिहून राहिला बे?"

मी सांगितलं. मासा, मावशी, माझं 'नाही'. शर्टाचं सोडून सगळं.

"मंग लिहून टाक ना," वडील म्हणाले. "मिलमधी मापाचा गेज चुकला तं आमी वरडून सांगतो. मिल थांबते, सायब शिव्या देते. पन मानूस वाचते." मग थांबून म्हणाले, "पन तुले वास कावून नाही आला?"

"सर्दी होती," मी म्हणालो. आणि ऑफिसला पाठवलेल्या पत्रातही तेच लिहिलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या दिवशी तुम्ही सर्दी नसल्याची सही केली आहे. दोन्हींपैकी खरं कोणतं ते कळवा. तोवर अहवाल आहे तसाच राहील.

म्हणजे शर्टाचं लिहावं लागणार होतं. ते वाचून ऑफिसात कोण कसं हसेल, ते मला दिसत होतं. नोकरी राहील की जाईल, माहीत नव्हतं. आणि वडील वाचून दाखव म्हणणार होते. नाही लिहिलं, तर मावशीची टोपली तशीच भरलेली आणि रेशनही बंद.

"आलं का उत्तर?" वडील सेकंड शिफ्टला निघाले होते.

"आलं."

"थांबली का मिल?"

"नाही अजून."

"मंग कोनाची वाट पाहून राहिला?" धुऊनही तेलाचे डाग न गेलेल्या शर्टाच्या बाह्या दुमडत त्यांनी विचारलं.