मागचं दार

कालव्याच्या मोजणीसाठी गोंदियाहून निघालो की माझा मुक्काम तलावाकाठच्या जुन्या इंग्रजी बंगल्यावर असायचा. तिथली झाडलोट, स्वयंपाक सगळं एक गोंड बाई बघायची. बोलायची कमी, पण आवाज खणखणीत. हातात झाडू असो की चहाची किटली, ती यायची पुढच्याच दारानं, पदर खोचून, अजिबात घाई न करता.

एकदा आमचे नवे साहेब व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. ती डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन पायऱ्या चढली. साहेब खेकसले, "मागच्या दारानं जा!"

ती जागीच थांबली. "काऊन जी? माही आजी इथं मडमेचं लेकरू सांभाळे. कडेवर घेऊन या उंबरठ्यापर्यंत ये. इथून लेकरू आत जाये, अन् आजी फिरून मांगून. आता गोरे तं गेले नं?"

साहेबांनी पेपर तोंडासमोर धरला. ती भारा सावरत पुढच्याच दारानं आत शिरली.

तिच्या मागोमाग मीही आत गेलो. मागच्या दाराला आतून छातीएवढं सरपण रचलेलं होतं. त्यावर भारा टाकून तिनं हात झटकले.

"चाय मांडू काय जी?"